पिकअपचं डिझेल कुठे जातं

माझ्या मुलाला त्याच्या सख्ख्या काकीने डिझेलचोर म्हटलं, ते धक्क्यावर, सगळ्या बायकांसमोर. मी शेजारीच बोंबील निवडत होते. मी मान वर केली, ऐकलं आणि निवडत राहिले. बोंबील उन्हात टाकून भांडायला उठलं तर भांडण संपेपर्यंत विकायला काही उरत नाही.

ही काकी म्हणजे माझी धाकटी जाऊ. आमच्या वाडीतल्या आम्ही काही बायका पालीला म्हावरं विकायला जातो. पहाटे होड्या लागल्या की धक्क्यावर लिलाव होतो, आम्ही माल घेतो, बर्फ घालतो आणि रेवदंड्याच्या पुलावरून रोह्याकडे आणि तिथून पालीला जातो. पूर्वी एसटीने जायचो. कंडक्टर पाट्या चढवू द्यायचा नाही, आणि चढवल्याच तर मागच्या बाकावरची माणसं नाकाला पदर-रुमाल लावून आमच्याकडे बघायची, जशा काही त्यांच्या घरात म्हावरं शिजतच नाही. मग माझ्या मुलाने जुनी पिकअप घेतली.

ती त्याने हौसेने घेतलेली नाही. तो होडीवर होता. जाळं ओढायच्या यंत्रात त्याचा उजवा हात गेला, दोन बोटं आणि तळव्याचा तुकडा राहिला नाही. दोरी धरता येत नाही त्याला होडीवर कोण घेणार? तो अख्खा पावसाळा तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. अंघोळ नाही, दाढी नाही. ताट ठेवलं तर माश्या बसायच्या. मी ओरडले, रडून पाहिलं, एकदा अंगावर पाणी ओतलं, तरी तो हलला नाही. शेवटी कोणीतरी म्हणालं, स्टेअरिंग धरता येईल की. ते त्याला धरता आलं. म्हणून गाडी.

आमची रीत अशी की त्याचं भाडं वेगळं, आणि डिझेल जेवढं लागेल तेवढं सगळ्या बायकांनी सारखं वाटून घ्यायचं. गाडी नीट चालत होती तोवर कोणी विचारलंसुद्धा नाही. होळीनंतर डिझेल जास्त लागायला लागलं. आधी थोडं, मग बरंच. मी शाळेत चौथीपर्यंतच गेले, पण भागाकार येतो. लिटरला तेरा किलोमीटर जाणारी गाडी दहावर आली आणि वैशाखात आठवर. आमच्याकडे याला अ‍ॅव्हरेज म्हणतात. त्या दिवसांत आमच्या घरात दुसरा शब्दच नव्हता. चहा पिताना अ‍ॅव्हरेज, जेवताना अ‍ॅव्हरेज.

मुलाने काही करायचं बाकी ठेवलं नाही. एअर फिल्टर बदलला, डिझेलचा फिल्टर बदलला. टायरमध्ये हवा भरली, पुन्हा भरली. डिझेल भरायचा पंप बदलून पाहिला, म्हटलं भेसळ असेल. अलिबागच्या एका गॅरेजात गाडी टाकली. तिथल्या मेकॅनिकने नोझल काढून साफ केले, दुसऱ्या वेळी इंजिनाचा डिझेलपंपच खोलला. प्रत्येक वेळी तो स्वतः बसून नाक्यापर्यंत चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, "मस्त पळतेय. काही नाही हिला." आणि खरंच, तिथे ती पळायची. पालीची एक खेप झाली की पुन्हा तेच.

तो गाडीखाली सरपटत जायचा आणि तिथेच पडून राहायचा. त्याचे पाय तेवढे बाहेर दिसायचे. मी उंबऱ्यातून बघायची, पाय हलतात का. पुढे पुढे तो दुपारचा केबिनमध्ये काच वर करून बसायला लागला. वैशाखातली दुपार, आणि काच बंद. मी काचेवर बोटं वाजवली की म्हणायचा, "कायी न्हाय, आये. इचार करतंय." त्याच्या गालांवर दाढी वाढली होती. ती बघून मला तो पावसाळा आठवायचा. डिझेलचं मला तेवढं नव्हतं. तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला तर या वेळी मी त्याला उठवू शकणार नाही, हे मला ठाऊक होतं. तेव्हा माझ्या अंगात जोर होता. आता नाही.

तर धक्क्यावर जाऊ म्हणाली, "डिझेल काय वाफ होऊन जातं? काढतोस नि इकतोस, सरळ सांग ना."

"काकी, पम्पावर तूच तर बसलेली असतंस. बघतंस ना किती घालतो?"

"घालतोस ते बघते रं. काढतोस कवा ते कोन बघनार? आमी बाजारात बसतो तवा तू गाडीजवळ एकटा."

एक म्हातारी म्हणाली, "जाऊ दे गो, हात तुटका पोर हाय."

"तुटक्या हातानं नळी धरता येत न्हाय काय?"

मुलाने बर्फाचा क्रेट खाली ठेवला आणि तो समुद्राकडे बघत उभा राहिला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी बोंबील संपवले, हात धुतले आणि जावेला म्हटलं, "टाकीचं झाकन तू बांध. तुझ्या गाठीनं."

हे बाहेरच्यांना कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्या पाट्यांवर प्लास्टिक घालून त्या जुन्या जाळ्याच्या सुतळीने बांधतात. प्रत्येक बाईची गाठ वेगळी. सासूने सुनेला शिकवलेली नसते, माहेरून आलेली असते. गाडीच्या हौद्यात सगळ्यांच्या पाट्या एकावर एक असतात, तरी कोणाची कुठली हे विचारावं लागत नाही. दुसऱ्याने सोडून पुन्हा बांधलेली गाठ लगेच ओळखू येते, सुतळीचा पीळच वेगळा पडतो. जाऊ आणि मी एका घरात दिल्या गेलो, पण तिची गाठ तिच्या माहेरची, उरणकडची. ती मला आजपर्यंत बांधता आलेली नाही.

टाकी तोंडापर्यंत भरली. जावेने झाकण बांधलं, वरून अजून एक वेढा घेतला. पालीला जाऊन आलो. परत पंपावर तिने खाली वाकून गाठ डावीकडून बघितली, उजवीकडून बघितली, नख लावून बघितलं. मग कोयत्याने कापली.

"गाठ माझीच हाय," ती म्हणाली.

टाकी भरली. तेवढंच डिझेल लागलं, आठचंच अ‍ॅव्हरेज. आता कोणी कोणाकडे बघेना. मला वाटलं होतं की गाठ शाबूत निघाली की सगळं मिटेल. उलट झालं. पोरगा चोर निघाला असता तर शिव्या देऊन, कान धरून काही करता आलं असतं. आता डिझेल कुठे जातं हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

जाऊ म्हणाली, "चोर न्हाय तू. बरं झालं. पन डिझेल तर आमीच भरतो ना?"

दुसऱ्या दिवशी कळलं की बायकांनी शेजारच्या गावातल्या एका टेम्पोवाल्याशी बोलणं केलंय. संकष्टी जवळ आली होती. संकष्टीला पालीत म्हावरं घेत नाहीत, गणपतीचं गाव ते, त्या दिवशी आमचा धंदा बंदच. ती झाली की बायका त्याच्या टेम्पोने जाणार. माझ्या एकटीच्या पाट्यांवर पिकअप चालणार नव्हती. पुढे पावसाळा, मासेमारी बंद. म्हणजे गाडी दारात उभी राहणार आणि तो आत.

जेवताना तो म्हणाला, "भंगारात घालतो."

"जेव आधी."

"तू पन बघत होतंस ना माझ्या मागं? डबा-बिबा लपवलाय काय म्हनून. मोरीत, माळ्यावर."

"बघत होते," मी म्हटलं. "घरात डिझेल ठेवलं असतंस तर घर पेटलं असतं. बघायला नको?"

तो हसला. असा हसला की त्यापेक्षा ओरडला असता तर चाललं असतं. भात तसाच ठेवून उठला.

संकष्टीच्या आदल्या दिवशीची खेप ही शेवटचीच, असं सगळ्यांनी धरलं होतं. बायका हौद्यात नेहमीसारख्या बसल्या, पण आवाज कमी. जाऊ केबिनमध्ये, तिचे गुडघे गेलेत म्हणून ती जागा तिची. मी मागे, बर्फाच्या क्रेटला टेकून. रोहा मागे पडला, खिंड चढलो आणि उतरायला लागलो. तिथे दोन्ही बाजूंना रान आहे, घर नाही, टपरी नाही. आणि मला सुकट भाजल्याचा वास आला.

"कोन भाजतंय गो सुकट?" समोरची म्हणाली.

"हितं? माकडं भाजतात."

बायका हसल्या. तो वास आम्हाला नवीन नव्हता. हल्ली वाटेत येतच असे. आम्ही म्हणायचो, कोणाच्या तरी चुलीवर आहे. पोटात काही नसायचं, म्हणून आम्हाला तो बरासुद्धा वाटायचा. पण त्या दिवशी माझं डोकं दुसऱ्या कशावर चालतच नव्हतं. इथे चूल नाही. मग तापलेलं काय आहे? आणि हेही माझ्या ध्यानात आलं की आम्ही उतारावर आहोत, तरी गाडी पळत नाहीये. इंजिन ओरडतंय. उतारावर इंजिनाला ओरडायचं काय कारण?

मी केबिनच्या पत्र्यावर हात आपटला. त्याने गाडी बाजूला घेतली आणि धावत मागे आला.

"काय झालं? कोन पडलं?"

"कोनी न्हाय पडलं. थांब."

मी खाली उतरले. हौद्यातून म्हावऱ्याचं पाणी गळत होतं, ते नेहमीच गळतं. मागच्या डाव्या चाकाशी ते पडत होतं आणि तव्यावर पडल्यासारखं चरचरत होतं. थेंब पडला की चर्र, वाफ, आणि सुकटीचा वास. चाकाच्या मधल्या लोखंडावर तपकिरी खरवड धरली होती. म्हावऱ्याचंच पाणी आटून आटून.

जाऊ गुडघे धरत उतरली. "ऊन लागून तापलं असंल," ती म्हणाली आणि तिने बोटं टेकवली.

"आई गो, मेले!"

बायका हसल्या, मग हसू दाबलं. कोणीतरी तिच्या बोटांवर बर्फ धरला. मी पुढच्या चाकाला हात लावला. ते उन्हाने तापावं तेवढंच तापलं होतं. मागचं उजवं चाक डाव्याएवढं नव्हतं, पण हात ठेववेना.

मुलाला मी म्हटलं, "ऊन एकाच चाकावर पडतं काय?"

तो उकिडवा बसला. चाकाकडे बघत राहिला. मग पुढच्या चाकांना दगड लावले, जॅक काढला, चाक उचललं आणि डाव्या हाताने फिरवून पाहिलं. ते फिरेना. दोन्ही हात लावले, तो अर्धा हातसुद्धा. जात्यासारखं घरघर करत थोडं सरकलं आणि थांबलं. तो केबिनमध्ये जाऊन बघून आला. हँडब्रेक खालीच होता.

"आये," तो म्हणाला, "ह्यो वर सोडलाय, पन खाली सुटतच न्हाय."

मग ते एकेक करून उलगडलं. आमचा धक्का उताराचा आहे. एकदा गाडी भरता भरता मागे पाण्याकडे सरकली होती, तेव्हापासून तो तिथे हँडब्रेक जीव खाऊन ओढायचा. ब्रेक एकदा आवळला की तारेतच अडकून राहायचा आणि गाडी पालीपर्यंत ब्रेकसकट ओढली जायची. घरी दारात सपाटी, तिथे तो नुसता गियर टाकून ठेवायचा. गॅरेजातही सपाटी. रात्रभर उभी राहून, खड्ड्यांत धक्के खाऊन ब्रेक थोडा मोकळा व्हायचा, आणि मेकॅनिक नाक्यापर्यंत जाऊन सांगायचा, काही नाही हिला. सगळे इंजिन खोलत बसले, आणि रोग मागे चाकात.

तार का अडकली, हे तर आम्हीच केलेलं. पालीहून आलो की गाडी धक्क्याच्या उतारावर पाण्यापर्यंत मागे घ्यायची आणि प्रत्येक बाईने समुद्राच्या बादल्या मारायच्या. हौद्यात, खाली, चाकांवर. होडी आम्ही अशीच धुतो, पाट्या अशाच धुतो. खाऱ्या पाण्याने म्हावऱ्याचा वास जातो, गोड्याने जात नाही. आणि वैशाखात गोडं पाणी आहे कुठे? नळ एक दिवसाआड येतो. कोणी आळस केला तर आम्ही तिला नावं ठेवायचो. जाऊ सगळ्यात जास्त बादल्या मारायची.

त्याने गाडीखाली जाऊन हातोडीने ठोकून तार कशीबशी सैल केली. पालीत पोचलो तेव्हा गिऱ्हाईक घरी गेलं होतं. बर्फ वितळला होता, मांदेली नरम पडली. आमच्यातली एक बाई मला म्हणाली, "तुझ्या चाकापायी माझी कोलंबी गेली." ते खरं होतं.

येताना रोह्याच्या एका गॅरेजात चाक खोललं. आतून गंज पोह्यांसारखा सांडला. ब्रेकचे लायनर जळून कोळसा झाले होते. तार बाहेर ओढली तर ती वाकेना, काठीसारखी सरळ राहिली. मेकॅनिक खाली वाकून मागचा सांगाडा बघून आला.

"मावशी, गाडी समुद्रात चालवता का?"

"न्हाय. धुतो."

"कशाने?"

"समुद्रानं."

त्याने कपाळाला हात लावला, काळा हात, कपाळ काळं झालं. म्हणाला, सांगाडा मागे दोन ठिकाणी गंजाने खाल्लाय. पट्ट्या मारून देतो. एखाद-दोन वर्षं ओढेल, पुढचं सांगत नाही. मुलगा ऐकत होता. इतके दिवस शोधलं ते सापडलं, आणि सापडताना हेही कळलं की गाडी मरायला लागली आहे. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, सापडलं नसतं तरी चाललं असतं. पण नाही. चाललं नसतं.

दुरुस्ती करून घेतली. पैसे कसे जमवले ते इथे सांगत नाही.

संकष्टीनंतर धक्क्यावर आलो तेव्हा निम्म्या बायका टेम्पोत बसलेल्या होत्या. बोलणं केलं होतं, मोडता येईना, असं म्हणाल्या. कोलंबीवाली माझ्याकडे बघेना. जाऊ मात्र आली, बोटांना चिंधी गुंडाळलेली, आणि पाट्या हौद्याशी ठेवल्या.

मुलगा म्हणाला, "काकीचा माल घेनार न्हाय."

"घेशील," मी म्हटलं.

"मना चोर म्हनली ती. सगळ्यांसमोर."

"म्हनले," जाऊ म्हणाली. "तसं दिसत होतं म्हनून म्हनले. आता दिसत न्हाय, म्हनून हितं आले. चढवतोस का मी चढवू? हात भाजलाय माझा, तुझ्या गाडीनं."

तो तसाच उभा राहिला. मला वाटलं, आता हा चावी समुद्रात फेकणार. मग त्याने पाट्या उचलल्या. जोरात आपटल्या, पण ठेवल्या आतच. मागच्या चाकांना दोन लाकडाचे ठोकळे लावले होते, ते काढले. हँडब्रेक त्याने ओढला नव्हता.

त्या दिवशी टाकी तोंडापर्यंत भरून निघालो. पालीत माल बरा गेला. खिंड उतरताना मी हौद्यात नाक वर करून बसले. वास आला नाही. पण मला भरवसा नव्हता. इतक्या वेळा मस्त पळतेय ऐकलं होतं.

परत पंपावर थांबलो. एक पोरसवदा बाई डिझेल घालत होती. आकडे फिरायला लागले आणि आम्ही तिघं ते बघत उभे. ते थांबले. तिने नळी काढली.

"अजून घाला," मुलगा म्हणाला.

"भरली दादा. बाहेर येतंय."

"बघा एकदा. एवढ्यात भरत न्हाय ती."

तिने झाकणाजवळ बोट दाखवलं. डिझेल तोंडाशी चमकत होतं. मी मनात भागाकार केला, पुन्हा केला. बाराच्या वर. तेरा नाही, पण बाराच्या वर.

"बाराच्या वर हाय," मी म्हटलं.

त्याने झाकण लावलं, पैसे दिले, केबिनमध्ये जाऊन बसला आणि स्टेअरिंगवर डोकं टेकलं. खांदे हलत होते. जाऊ त्याच्या शेजारी चढून बसली आणि दुसऱ्या बाजूला बघायला लागली. मागे दोन रिक्षा आणि एक दुधाची गाडी उभी होती. हॉर्न वाजायला लागले. पंपावरची बाई माझ्याकडे बघत होती, काय झालं म्हणून.

मी काचेवर थाप मारली.

"पुढं घे," मी म्हटलं. "मागं मानसं खोळंबलीत."

त्याने अर्ध्या हाताने नाक पुसलं आणि गियर टाकला.